अर्ध्या फरशीला दिलेला नकार

आमच्या वऱ्हाडात कारागीर 'नाही' म्हणत नाही. तो 'येतो न भाऊ' म्हणतो आणि येत नाही. गिऱ्हाईक आठ दिवस वाट पाहतं, फोन करतं, मनातल्या मनात शिव्या घालतं आणि मग दुसरा माणूस शोधतं. दोन्हीकडून सगळं गोडीगुलाबीत पार पडतं. मला हे कधी जमलं नाही. मी टाइल्स बसवणारा मिस्त्री आहे, अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत राहतो, आणि नको असलेलं काम तोंडावर नाकारतो. भीड भिकेची बहीण, असं माझी आई म्हणायची. ते मी जरा जास्तच मनावर घेतलं, असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे.

तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. जुन्या फरशीवरच नवी चिकटवून द्या म्हणणाऱ्याला मी चहा प्यायच्या आत नमस्कार करून निघतो. 'घरचंच काम समजा' असं म्हणणाऱ्या नातेवाइकाला मी खरंच घरचं समजतो, म्हणजे वर्षभर हात लावत नाही. एकदा एका रिटायर्ड साहेबांचं काम धरलं होतं. ते मोबाइलवर व्हिडिओ पाहून मला शिकवायला बसले. खुर्ची टाकून, पायावर पाय टाकून, 'मिस्त्री, अँगल बघा, अँगल.' दुसऱ्या दिवशी मी थापी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, साहेब, तुम्ही खाली या, मी खुर्चीवर बसतो. साहेब हसले नाहीत. काम गेलं, पण त्या दिवशी मला झोप छान लागली.

या सगळ्यांत माझा सगळ्यात पक्का नकार अर्ध्या कामाला असायचा. एका मिस्त्रीनं हॉल करून सोडला, आता उरलेलं तुम्ही करा, असा फोन महिन्यातून एकदा तरी येतोच. पहिल्यानं सिमेंटचा मसाला कसा कालवला, खाली भरण नीट दाबलं की नाही, काही ठाऊक नसतं. सहा महिन्यांनी हॉलमधली टाइल वाजायला लागली की गिऱ्हाइकाला पहिला मिस्त्री आठवत नाही, दुसराच आठवतो. त्यामुळे 'अर्धं' हा शब्द कानावर पडला की माझं 'नाही' आपोआप बाहेर पडायचं. हे मी माझ्या उस्तादाकडून शिकलो, असं अभिमानानं सांगायचोही. गेल्या वर्षी माझ्या असल्याच एका नकारामुळे त्याच उस्तादानं आयुष्यात बसवलेली शेवटची फरशी सब्बलीखाली, म्हणजे पहारीखाली, जाणार होती. ती गोष्ट सांगायची आहे.

उस्ताद बाळापूरचे. काम मात्र सगळं अकोल्यात. मी बावीस वर्षांचा असताना, बी.ए. दोनदा नापास होऊन, त्यांच्याकडे गेलो. आमच्या वस्तीतली पोरं तेव्हा सरकारी नोकरीच्या परीक्षा देत होती आणि वडील नगरपालिकेत शिपाई होते. 'तुले एवढं शिकोलं ते काय सिमेंट कालवाले?' असं ते रोज विचारायचे. उस्तादांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी मला सात वर्षं शिकवलं, आणि माझ्या लग्नानंतर मी अमरावतीला आलो तेव्हा स्वतःचा कटर काढून दिला.

त्यांची एक पद्धत होती. घरात गेले की टाइल्सचा खोका उघडण्याआधी ते घरातल्या बाईला गाठायचे. 'बाई, पानी कोठी सांडता? भाकर कोठी बसून करता? म्हतारी कोठी बसते?' मालक नकाशा घेऊन मागे मागे फिरायचा आणि हे बाईशी बोलत राहायचे. मग ठरवायचे, कुठं पाणी जायला ढाळ द्यायचा, कुठं नाही. 'नकाश्यात घर राह्यते, रे. बाई थोडीच राह्यते,' असं मला म्हणायचे.

आणि अर्ध्या कामाबद्दलचा त्यांचा नियम असा होता: दुसऱ्यानं सोडलेल्या कामाले हात लावाचा नाही. पहिले इचाराचं, कोणाचं काम आहे. मग त्या मिस्त्रीले जाऊन भेटाचं. तो हो म्हणीन तरच धराचं. कारागिराची इज्जत असते, भांडण असलं तरी असते. हा सगळा नियम होता. मी अमरावतीला आलो, माझं नाव झालं, हाताला काम भरपूर झालं, आणि मी त्यातला पहिलाच भाग तेवढा ठेवला. विचारण्याला आणि भेटायला वेळ लागतो. नकाराला लागत नाही.

फेब्रुवारीत अकोल्याहून एका बाईचा फोन आला. आवाज दबका, मागे बाजाराचा गलका.

'भाऊ, हॉल झाला, सैपाकघर अन् मधली खोली राह्यली. टाइल्स आनून ठेवल्या हायेत. पयल्या मिस्त्रीनं काम सोडलं.'

'मी अर्धं काम धरत नाई, बाई.'

'एक डाव येऊन पाहून तं घ्या.'

'पाहून काय करू? जमत नाई तं जमत नाई.'

चार दिवसांनी पुन्हा तोच फोन. पुन्हा तेच बोलणं, आणि पुन्हा मी तेच उत्तर दिलं, फक्त आवाज थोडा चढवून.

तिसरा फोन रविवारी दुपारी आला. मी जेवायला बसलो होतो, हात भरलेला, म्हणून बायकोनं फोन स्पीकरवर ठेवला. बाई म्हणाली, 'भाऊ, तुमी एक डाव याच. बाकी मी काई म्हनत नाई.' आता मात्र माझं डोकं फिरलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

'बाई, मिस्त्री उगाच काम सोडून पळत नाई. तुमीच त्याले तरास देल्ला असन.'

ती एवढंच म्हणाली, 'नाई हो भाऊ. ते पळाले नाई.' आणि फोन ठेवला.

मी भाकर मोडली. बायको माझ्याकडे पाहत होती. तिची ती नजर मला चांगली ठाऊक आहे.

'पळाला नाई तं मंग सोडलं काहून?'

'मले काय माहीत.'

'कोनाचं काम होतं ते?'

'मले काय माहीत म्हनलं न.'

'तीनदा फोन आला. तीनदातून एकदाबी नाई इचारलं?'

तिनं पदराला हात पुसले आणि माझ्याच फोनवरून, माझ्यासमोर, त्या बाईला फोन लावला, स्पीकरवरच.

'ताई, मी मिस्त्रीची घरवाली बोलून राहिली. एवढंच सांगा, पयलं काम कोनं केल्लं?'

पलीकडून आधी एक मोठा उसासा आला. 'बरं झालं बाई, इचारलं,' ती म्हणाली, आणि मग भडाभडा बोलत सुटली. ती आणि तिचा नवरा बाळापूरच्या रस्त्याला भाजी लावतात आणि अकोल्याच्या बाजारात विकतात. तीन खोल्यांचं घर बांधलं. एवढ्याशा कामाला मोठे मिस्त्री येत नव्हते. उस्ताद आले. हॉल पुरा केला आणि एके दिवशी थापी खाली ठेवून म्हणाले, बाई, मले आता दिसत नाही. साखरेनं डोळ्यांचा आतला पडदा गेला होता. हॉलचा अर्धा भाग त्यांनी बोटांनी चाचपूनच बसवला होता.

मग तिनं खरी गोष्ट सांगितली. उस्तादांनीच तिला माझा नंबर दिला होता. पण एक अट घातली होती. 'ते म्हने, माह्यं नाव सांगू नको. तो सोताच इचारीन कोनाचं काम आहे, तवाच सांगजो. ना इचारता सांगशीन तं तो लिहाजापायी, माही भीड धरून येईन, अन् लिहाजानं केल्लं काम मले नाई पाहिजे. ते मले म्हने, तो इचारल्याशिवाय राह्यतच नाई.'

बायकोनं फोन माझ्या ताटाजवळ सरकवला.

'भाऊ,' बाई म्हणाली, 'उद्या दुसरा मिस्त्री येऊन राहिला. तो म्हनते हॉल लेव्हलमंदी नाई, सारा उखडा लागते. तिघंजन तसंच म्हनून गेले. मी किती दिवस थांबू? सासू रेतीत झोपते.'

मी एवढंच म्हणालो की मी येतो. वऱ्हाडातल्या मिस्त्रीच्या 'येतो'वर तिनं कितपत विश्वास ठेवला असेल कोण जाणे.

सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालो. बस मूर्तिजापूरला थांबली तेव्हा लोक उतरून चहा पीत होते आणि मला त्या सगळ्यांचा राग येत होता. चाळीस वर्षं काम केलेल्या माणसानं एकही फरशी अर्धी सोडली नव्हती. ही एकच, तीही डोळ्यांनी सोडायला लावली. ती पुरी करायला त्यानं अख्ख्या वऱ्हाडातून माझं नाव काढलं, आणि मी ते काम पाहायलासुद्धा गेलो नाही. स्वतःची एवढी लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

पोचलो तेव्हा दहा वाजले होते. दारातच सब्बलीचा आवाज ऐकू आला. उंबऱ्याजवळच्या तीन टाइल्स फुटून पडल्या होत्या आणि एक मिस्त्री चौथीच्या खाली सब्बल घालत होता. मी ओरडणारच होतो. पण मग लक्षात आलं की आता हे काम त्याचं आहे. मी सब्बल धरली आणि त्याला म्हणालो, 'भाऊ, हे काम पहिले माह्या उस्तादाचं होतं. आता तुमचं आहे. तुमी हो म्हनान तं मी धरतो.'

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. 'धरा न बाप्पा,' तो म्हणाला. 'अर्ध्या कामाची कटकट कोनाले पाहिजे? बाई मांगं लागली म्हनून आलो.' मग त्याच्यातला कारागीर जागा झाला. 'पन एक सांगतो. लेव्हलमंदी नाई हे. पाह्यना, बुडबुडा कोठी चालला.' त्यानं लेव्हल ठेवून दाखवली. बुडबुडा खरंच बाजूला सरकला होता.

मी बाईकडे वळलो. सावळी, अंगानं काटक, डोक्यावरून पदर, हात मेथीच्या वासाचे. विचारलं, 'उस्तादांनी तुम्हाले पहिल्या दिवशी काय इचारलं होतं?'

'पालक, मेथी कोठी धुता म्हने. मी म्हनलं, इथंच हॉलमंदी. पहाटे बाजाराच्या आंधी.'

मी एक मग्गा पाणी घेतलं आणि आतल्या भिंतीशी ओतलं. पाणी कुठंही रेंगाळलं नाही. सरळ दाराकडे गेलं, उंबऱ्याच्या बाजूनं बाहेर पडलं. तो मिस्त्री वाकून पाहत राहिला. 'असं होय,' तो म्हणाला आणि आपली सब्बल पिशवीत घालून, चहा घेऊन, गेला.

मग मी एकटा त्या हॉलमध्ये गुडघ्यांवर फिरलो. अर्ध्यापर्यंतचं काम माझ्या ओळखीचं होतं. असा जोड मी सात वर्षं रोज पाहिला होता. अर्ध्याच्या पुढे मात्र दोन ठिकाणी जोड फाकला होता. फार नाही. गिऱ्हाइकाला दिसला नसता. मला दिसला, आणि ते बोटांनी चाचपत इथं कसे बसले असतील ते डोळ्यांसमोर आलं.

दुपारच्या गाडीनं बाळापूरला गेलो. बाई म्हणाली होती की उस्तादांना मी फोनवर सगळं सांगते, तरी मला स्वतः जायचंच होतं. किल्ल्याच्या खालच्या अंगाला त्यांचं घर. उस्ताद अंगणात खाटेवर बसले होते. तीन वर्षांत मी त्यांना भेटलो नव्हतो. ईदला फोन करून मोकळा होत होतो. माझ्या पावलांवरूनच त्यांनी ओळखलं की काय, की आधी फोन आला होता, मला माहीत नाही. ते म्हणाले, 'आला का बे?'

मी पायांना हात लावला. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं. 'नाही म्हनाले मीच शिकोलं होतं तुले,' ते म्हणाले. 'पन ते नाही कोनाले म्हनून राहिला, ते तं पाहून घेत जा.' एवढंच. रागाचा लवलेशही नव्हता. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

चहा आला. मी कप खाली ठेवला आणि विचारलं, 'उस्ताद, तुमचं काम धरू का?'

त्यांनी उलट मलाच विचारलं, 'पाह्यलं काम?'

'पाह्यलं.'

'कसं आहे?'

आता काय सांगायचं? त्यांचा चेहरा माझ्याकडे होता, डोळे जरा बाजूला. चांगलं आहे म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण ज्या माणसानं लिहाजाचं काम नको म्हणून अट घातली, त्याला लिहाजाचं उत्तर कसं द्यायचं?

'दोन जोड फाकले, उस्ताद.'

'कोनते?'

'खिडकीच्या बाजूनं. सातवी ओळ, अन् नववी.'

त्यांनी मान हलवली. बोटांनी खाटेच्या काठावर काहीतरी मोजलं. 'सातवीचा मले समजला होता,' ते म्हणाले. 'नववीचा नाई समजला.' आणि मग, 'धर.'

पाच दिवस लागले. बाईच्याच घरी राहिलो. तिच्या सासूनं मला दोन्ही वेळ गरम भाकर आणि भाजी घातली, आणि मी नकार दिला होता हे तिला कुणी सांगितलं नाही याबद्दल मी मनोमन आभारी होतो. उंबऱ्याजवळच्या तीन टाइल्स नव्या बसवल्या. फाकलेले दोन जोड भरून घेतले, टाइल हलवली नाही. मग हॉलच्या कडेपासून पुढे मधली खोली आणि स्वयंपाकघर. बाईला विचारलं, भाकर कुठं बसून करता. ती म्हणाली, आता ओट्यावर करीन, गॅस आहे. पण सासू खालीच बसते. तिथं मी ढाळ दिला नाही.

सहाव्या दिवशी सकाळी बाईचा नवरा उस्तादांना मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन आला. त्यांनी दारात चपला काढल्या. कुणाचा हात धरला नाही. अनवाणी, भिंतीच्या बाजूनं, एकेक पाऊल घासत हॉलमधून निघाले. आम्ही सगळे बाजूला उभे. हॉल संपला तिथं, मधल्या खोलीच्या तोंडाशी, त्यांचा पाय थांबला. अंगठा मागे गेला, पुढे आला.

'इथून तुह्यं सुरू होते.'

'हो, उस्ताद.'

'उंच आहे.'

मी वाकून पाहिलं, लेव्हल लावली. इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे एक सूत. हे त्याच्याही अर्धं होतं. म्हणालो, 'अर्धा सूत असन.'

'अर्धा सूत उंच म्हंजे उंचच.'

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं, तर मी थापी त्याच्या हातात दिली असती. त्या दिवशी मी चुपचाप खाली बसलो आणि पहिली ओळ सगळी उचलली. मसाला खरवडला, नवा टाकला, ओळ पुन्हा बसवली. उस्ताद परत गेले नाहीत. नवा मसाला धरेपर्यंत बाईच्या हॉलमध्ये चटई टाकून राहिले, आणि तिच्या सासूला आपल्या तरुणपणीच्या गोष्टी सांगत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा निघाले. दारापासून, अनवाणी, तसेच पाय घासत. हॉल झाला. पाय कुठं थांबला नाही. मधली खोली झाली. स्वयंपाकघरात ते सरळ पलीकडच्या भिंतीपर्यंत गेले, हात भिंतीला लागला तेव्हाच थांबले. गोंधळून मागे वळले.

'जोड कोठी आहे रे?'

'मांगं राह्यला, उस्ताद.'

ते भिंतीला टेकून उभे राहिले. एका पायानं दुसऱ्या पायाचा तळवा पुसला.

'मंग झालं माह्यं काम,' ते म्हणाले.

मी हो म्हणालो, आणि बाई समोर उभी असतानाच रडलो.